रँक्डमध्ये उतरण्याआधी मॅचमेकिंग समजून घ्या

व्हॅलोरंट या ऑनलाइन शूटिंग गेममध्ये नुकतंच रँक्ड, म्हणजे निकालावर रँक ठरणारे सामने, खेळू लागलेल्या कुणाशीही बोला, पंधरवड्यात त्याच्या तोंडी ठरलेली वाक्यं येतात. टीम रद्दी मिळते. जिंकलो की सोळा पॉइंट मिळतात, हरलो की चोवीस जातात. गेमच वर जाऊ देत नाही. ही मुलं-मुली खोटं बोलत नसतात, स्क्रीनवर त्यांना अगदी हेच दिसत असतं. पण त्या आकड्यांमागे काय चाललंय हे कुणी त्यांना बसून सांगितलेलं नसतं. मग चांगला हात असलेले खेळाडू दोन-तीन महिन्यांत वैतागून खेळ सोडतात, नाहीतर माइकवर टीममेटचा उद्धार करायची सवय लावून घेतात. यातलं दुसरं मला जास्त खटकतं, म्हणून हे सगळं मुळापासून लिहितोय.

उदाहरण मुख्यतः व्हॅलोरंटचं घेतोय. पाच विरुद्ध पाच असा सांघिक खेळ, मुंबईत सर्व्हर, आणि आपल्याकडच्या कॉलेजांपासून गेमिंग कॅफेपर्यंत सगळीकडे खेळला जाणारा. काउंटर-स्ट्राइक २, डोटा २ आणि मोबाइलवरचा बीजीएमआय या दुसऱ्या गेम्सबद्दल शेवटी थोडं आहे.

पूर्ण लेखात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येणार आहे. रँक हा तुमच्या खेळाबद्दल सिस्टीमने, म्हणजे कुणाला कुणासमोर उभं करायचं हे ठरवणाऱ्या मॅचमेकिंगने, बांधलेला अंदाज असतो. अंदाज सुधारायला पुष्कळ सामने लागतात, आणि ते सामने तुम्ही तुमच्या नेहमीच्या खेळाने खेळलेले असावे लागतात. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीच्या पायऱ्या आपोआप सुचतात.

अंदाज बांधतात कसा

याची सुरुवात बुद्धिबळात झाली. मूळचे हंगेरीचे अर्पाड एलो अमेरिकेत मिलवॉकीला भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते आणि स्वतः उत्तम बुद्धिबळ खेळत. त्यांनी बसवलेली गुणपद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने १९६० मध्ये आणि जागतिक संघटना फिडेने १९७० मध्ये स्वीकारली. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा बातम्यांमध्ये तिच्या नावापुढे जे रेटिंग छापून येत होतं, ते याच पद्धतीचं.

एलो पद्धत खेळाच्या आधी विचारते: या दोघांच्या आकड्यांतला फरक पाहता कोण किती वेळा जिंकायला हवा? आकडे सारखे असतील तर निम्म्या वेळा. १०० गुणांचा फरक असेल तर वरच्याला सुमारे ६४ टक्के गुण मिळायला हवेत, २०० चा असेल तर ७६ टक्के आणि ४०० चा असेल तर ९१ टक्के. मग खेळ होतो, आणि अपेक्षा व निकाल यांच्यातल्या तफावतीइतके गुण इकडून तिकडे जातात. समजा १५०० वाला १७०० वाल्याशी खेळला. एका डावात जास्तीत जास्त २० गुण हलू शकतात असं धरा. जिंकला तर त्याला सुमारे १५ गुण मिळतील, हरला तर जेमतेम ५ जातील, कारण तो हरणार हे धरलेलंच होतं. म्हणजे ‘जिंकल्यावर किती मिळाले आणि हरल्यावर किती गेले’ यात जो फरक दिसतो तो मुळातच या गणिताचा भाग आहे. कुणी तो तुम्हाला छळायला घातलेला नाही.

एलो पद्धतीत एक उणीव होती. आकडा किती भरवशाचा आहे, हे ती सांगत नाही. हजार डाव खेळलेल्याचे १५०० आणि पाच डाव खेळलेल्याचे १५०० तिच्या लेखी सारखेच. १९९५ मध्ये मार्क ग्लिकमन यांनी ग्लिको पद्धत आणली आणि प्रत्येक आकड्यासोबत त्याबद्दलची अनिश्चितताही नोंदवली. पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी एक्सबॉक्स ३६० साठी ट्रूस्किल बनवलं, तेही खास संघांचे खेळ डोळ्यासमोर ठेवून. त्यात नव्या खेळाडूचा अंदाज २५ पासून सुरू होतो आणि अनिश्चितता साधारण ८.३३ धरतात. दाखवायचा आकडा काढताना अंदाजातून अनिश्चिततेची तिप्पट वजा करतात. २५ मधून २५ गेले, उरलं शून्य. गल्लीत दोन कॅप्टन आळीपाळीने भिडू उचलत असताना नव्याने राहायला आलेल्या पोराला शेवटी उचलतात, तसंच हे. तो वाईट खेळतो म्हणून शेवटी राहत नाही, तो कसा खेळतो हेच अजून कुणी पाहिलेलं नसतं.

संघाच्या खेळात याचा एक परिणाम फार महत्त्वाचा आहे. ट्रूस्किल संघाचं बळ म्हणजे पाचही जणांच्या बळाची बेरीज धरतं, आणि निकालानंतर ज्याच्याबद्दल अनिश्चितता जास्त त्याचा आकडा जास्त हलवतं. एकाच संघातून एकच सामना जिंकलेल्या दोघांना वेगवेगळे गुण मिळतात ते यामुळेच. व्हॅलोरंट बनवणाऱ्या रायट गेम्सने त्याचं नेमकं सूत्र जाहीर केलेलं नाही, पण अपेक्षा, निकाल आणि अनिश्चितता हे तीन धागे तिथेही दिसतात.

तुमचे आकडे दोन असतात

व्हॅलोरंटमध्ये आयर्न, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, असेंडंट, इमॉर्टल आणि रेडियंट अशा नऊ रँक आहेत. यातली असेंडंट २०२२ मध्ये मागाहून आली. रेडियंट सोडून प्रत्येकीच्या तीन पायऱ्या, आणि असेंडंटपर्यंत प्रत्येक पायरीला १०० आरआर, म्हणजे रँक रेटिंगचे गुण. रेडियंट मात्र आपापल्या प्रदेशातल्या सर्वांत वरच्या पाचशे जणांसाठी राखलेली असते.

हे झालं दिसणारं. न दिसणारा आकडा म्हणजे एमएमआर, मॅचमेकिंग रेटिंग. तुम्हाला कोणासमोर उभं करायचं हे मुख्यतः एमएमआर ठरवतो. आरआरचं काम एवढंच की दिसणारी रँक हळूहळू त्या लपलेल्या आकड्याकडे सरकवत न्यायची. एमएमआर रँकच्या वर असेल तर जिंकल्यावर जास्त मिळतात आणि हरल्यावर कमी जातात. खाली असेल तर उलट. दोन्ही जुळले की देणं-घेणं जवळपास सारखं होतं, साधारण वीसच्या आसपास.

आता थोडं गणित करू, कारण बहुतेक गैरसमज इथेच विरघळतात. समजा तुमचा एमएमआर रँकच्या बराच वर आहे आणि तुम्हाला विजयाला २४ मिळतात, पराभवाला १६ जातात. शंभर सामन्यांपैकी पन्नास जिंकलात, पन्नास हरलात. हा फरक शेवटपर्यंत टिकला असं धरलं तर मिळाले १२००, गेले ८००. निम्मे सामने हरूनही चार पायऱ्या वर. हीच बाजू उलटी करा, जिंकल्यावर १६ आणि हरल्यावर २४, तर तेवढाच माणूस तेवढेच सामने जिंकून चार पायऱ्या खाली येतो. आणि देणं-घेणं २०-२० वर स्थिरावलेलं असेल, तर शंभरपैकी ५२ जिंकणाऱ्याच्या हाती फक्त ८० आरआर लागतात, एक पायरीसुद्धा नाही. ५५ जिंकणारा दोन पायऱ्या चढतो.

म्हणून कुणी ‘माझा विन रेट ५० टक्के आहे, मी अडकलोय’ म्हणाला की मी आधी विचारतो, जिंकल्यावर किती मिळतात? एकट्या विन रेटवरून काहीच कळत नाही.

पहिली पायरी: लेव्हल २० होईपर्यंतचा काळ

खात्याची लेव्हल २० झाल्याशिवाय व्हॅलोरंट तुम्हाला रँक्ड उघडूच देत नाही. बरेच जण हा काळ शिक्षेसारखा उरकतात, डेथमॅच (संघाशिवाय नुसती एकमेकांवर गोळीबाराची फेरी) खेळत लेव्हल ढकलतात. तसं करू नका. अनरेटेडमध्ये, म्हणजे रँकवर परिणाम न होणाऱ्या प्रकारात, पूर्ण सामना १३ राउंड जिंकेपर्यंत चालतो, बारा राउंडनंतर बाजू बदलते, बंदुका विकत घ्यायच्या पैशांचं गणित रँक्डसारखंच असतं. रँक्डमध्ये लागणारी बरीचशी समज इथे फुकट मिळते: कोणत्या राउंडला पैसे वाचवायचे, स्पाइक (बॉम्ब) लागल्यावर कुठे उभं राहायचं, नकाशावरच्या जागांची नावं काय.

याच काळात दोन-तीन एजंट (खेळायची पात्रं) पक्के करा, आणि त्यातला निदान एक कंट्रोलर (धुराचे स्मोक टाकून वाट झाकणारा) किंवा सेंटिनल (जागा राखणारा) असू द्या. पुढे घुसून लढणारा ड्युएलिस्ट सगळ्यांनाच हवा असतो. एजंट निवडताना पाचही जण ड्युएलिस्टसाठी हटून बसले की स्मोक टाकायला कुणी उरत नाही, आणि तो सामना खेळण्याआधीच अर्धा हातातून जातो. स्मोक नीट टाकणारा खेळाडू खालच्या रँकमध्ये दुर्मीळ आहे. ही जागा तुम्ही घेतलीत तर संघ तुमच्यामुळे सुधारतो.

माउसची सेन्सिटिव्हिटी, क्रॉसहेअर (नेम धरायची खूण), ग्राफिक्स हेही आताच ठरवून टाका. रँक्ड सुरू केल्यावर दर दोन दिवसांनी सेन्सिटिव्हिटी बदलणारा खेळाडू सिस्टीमसमोर रोज नवा माणूस म्हणून उभा राहतो. अंदाज बांधायचा कुणाचा?

दुसरी पायरी: वीज, नेट आणि सर्व्हर

हा भाग परदेशी गाइडमध्ये फारसा सापडणार नाही, पण आपल्याकडे यावर कितीतरी रँक बुडतात.

फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो. नागपूर किंवा कोल्हापूरहून मुंबईच्या सर्व्हरला जाऊन परत यायला अंतराच्या हिशेबाने दहा मिलिसेकंदही पुरे व्हायला हवेत. प्रत्यक्षात केबल सरळ जात नाही, मधे थांबे असतात, म्हणून आकडा वाढतो. पण घरी ९० किंवा १२० पिंग (हाच जाऊन-येण्याचा वेळ, मिलिसेकंदांत) दिसत असेल तर चूक अंतराची नाही. एकतर वायफायचं काहीतरी बिनसलंय, नाहीतर तुमचा नेटवाला ट्रॅफिक भलतीकडून फिरवतोय, नाहीतर तुम्ही चुकून सिंगापूर निवडलंय. आधी लॅन केबल लावून पाहा. क्यू लावण्याआधी, म्हणजे सामना शोधायच्या रांगेत शिरण्याआधी, सर्व्हरच्या यादीत प्रत्येकासमोर पिंग दिसतं, ते बघायची सवय ठेवा आणि मुंबईशिवाय बाकीचे काढून टाका.

पिंगपेक्षाही त्रासदायक असतात ते मधेच गळणारे पॅकेट, म्हणजे नेटवरून जाणारे माहितीचे तुकडे. सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा खेळाची स्थिती ताजी करतो, म्हणजे दर आठ मिलिसेकंदांना एकदा. स्थिर ५० पिंगवर माणूस जुळवून घेतो. २० वरून १५० वर उड्या मारणाऱ्या पिंगवर कुणीही जुळवून घेऊ शकत नाही.

पावसाळ्यात ज्या भागात वीज हमखास जाते तिथे राउटर तरी इन्व्हर्टरवर असू द्या. सामना अर्धवट सुटला की तुमचे आरआर जातात, पुढचं रँक्ड काही काळ बंद होतं, पुन्हापुन्हा झालं तर बंदी लांबत जाते. तुमच्याकडे लाइट गेली होती की तुम्ही रागाने बाहेर पडलात, हे सिस्टीमला कळायचा मार्ग नाही. वीज परत आली तर लगेच क्लायंट उघडा. सामना चालू असेपर्यंत पुन्हा आत जाता येतं. आणि आभाळ भरून आलं असेल, दिवे लुकलुकत असतील, तर त्या संध्याकाळी अनरेटेड खेळा. तुमच्यासोबत आणखी चौघांचा पाऊण तास अडकलेला असतो.

विंडोज ११ वर व्हॅनगार्ड हे अँटी-चीट चालायला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही पीसीतली सुरक्षेची सेटिंग सुरू असावी लागतात. असेंबल केलेल्या पीसीत ती बऱ्याचदा बंद असतात. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन आधीच बघून ठेवा.

परदेशी गेलेल्यांसाठी एक सूचना. रायटचं खातं एका प्रदेशाला बांधलेलं असतं. पुण्याहून न्यू जर्सीला किंवा लंडनला गेलात तर जुन्या प्रदेशात खेळत राहिल्याने पिंग सोसवणार नाही. खात्याचा प्रदेश बदलून घ्या, आणि तिकडच्या सुरुवातीच्या सामन्यांकडे नव्याने सुरुवात म्हणूनच बघा.

तिसरी पायरी: प्लेसमेंट

पहिल्यांदा रँक्डमध्ये आलात की पाच प्लेसमेंट सामने खेळावे लागतात, मग रँक दिसते. या वेळी अनिश्चितता सर्वांत जास्त, म्हणून आकडा सर्वांत जास्त हलतो. इथे लोक दोन प्रकारे स्वतःचं नुकसान करून घेतात. काही जण डायमंडमधल्या मित्राला सांगतात, माझ्या खात्यावर तूच खेळ. रँक चांगली लागते, आणि मग पुढचे चाळीस सामने त्या रँकच्या लोकांकडून मार खात, चोवीस-चोवीस आरआर घालवत खाली यावं लागतं. खातं दुसऱ्याला देणं नियमाविरुद्ध आहे ते वेगळंच. दुसरे इतके घाबरतात की झोप नसताना, परीक्षेच्या मधे, कसेबसे पाच सामने उरकतात.

पाचही सामने तुमच्या नेहमीच्या वेळी, नेहमीच्या एजंटवर, ताजं डोकं असताना खेळा. एका दिवसात दोनच झाले तरी चालेल. आणि आयर्न किंवा ब्राँझ लागली तर वाईट वाटून घेऊ नका. नव्या माणसाबाबत सिस्टीम सावधच असते, आणि पुढच्या सामन्यांत अंदाज वर सरकत असेल तर आरआर तसे मिळू लागतात.

नवा सीझन सुरू झाला की रँक काही प्रमाणात खाली आणली जाते आणि पुन्हा प्लेसमेंट होतात. तेव्हा गेल्या सीझनपेक्षा खाली लागणं हे सगळ्यांसोबतच घडतं. एमएमआर पुसला गेलेला नसतो, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे विजयाला जास्त मिळतात. मात्र पहिल्या दोन-चार दिवसांत लॉबी, म्हणजे एका सामन्यात एकत्र आलेले दहा जण, फार विस्कळीत असतात. थोडं थांबून सुरू केलेलं बरं.

चौथी पायरी: कुणाबरोबर क्यू लावायचा

एकटे, दोघे, तिघे किंवा पूर्ण पाच. चौघांच्या गटाला रँक्डमध्ये परवानगीच नाही, आणि हा नियम मला मनापासून आवडतो. चौघे ओळखीचे आणि एक परका असला की त्या एकाचं काय होतं हे ज्याने अनुभवलंय त्याला समजावून सांगायला नको.

दोघे-तिघे असाल तर रँकमधल्या अंतराला मर्यादा आहे. आयर्न-ब्राँझवाला सिल्व्हरपर्यंतच्याच मित्राबरोबर खेळू शकतो. पूर्ण पाचांच्या गटाला ही मर्यादा नाही, पण रँकमध्ये फार तफावत असेल तर आरआर कापून मिळतात. पाचांचा गट पाचांच्या गटासमोरच उभा केला जातो. पाच ओळखीचे एकमेकांशी बोलत खेळतात तेव्हा त्यांचं बळ पाच सुट्या खेळाडूंच्या बेरजेपेक्षा जास्त असतं, म्हणून ही सोय. क्यू मात्र लांबतो.

नवख्याला माझा सल्ला: आपल्याच पातळीच्या एका मित्राबरोबर दोघांनी खेळा. राउंडला एक तरी माणूस नक्की बोलणारा मिळतो. तुमच्याहून फार वरच्या मित्रांच्या पाचांच्या गटात शिरून खेळण्यात मजा येते, पण तिथे तुम्हाला मिळालेले विजय त्यांच्या जोरावरचे असतात. एमएमआर फुगतो आणि एकटे खेळायला बसलात की सगळा परत द्यावा लागतो.

पाचवी पायरी: क्यूमध्ये काय चाललंय ते ओळखा

स्टार्ट दाबल्यावर सिस्टीम तीन गोष्टींची ओढाताण सांभाळते: सामना बरोबरीचा व्हावा, पिंग बरं असावं आणि वाट फार पाहावी लागू नये. पहिले काही सेकंद ती तुमच्या अगदी जवळच्या आकड्यांचे खेळाडू शोधते. नाही मिळाले तर जाळं रुंद करते. संध्याकाळी आठ ते बारा मुंबई सर्व्हरवर भरपूर लोक असतात, सामने घट्ट लागतात. पहाटे चारला बसलात तर वाट जास्त बघावी लागते आणि समोर कुणीही येऊ शकतं. एकतर्फी सामने जास्त होत असतील तर आधी घड्याळ बघा.

बरोबरीचा सामना म्हणजे १३-११ लागणारा सामना असंही नाही. दोन्ही बाजूंची शक्यता निम्मी-निम्मी असूनही एका संघाचे पहिले दोन राउंड गेले, पैसे संपले, मनोबल ढासळलं की १३-४ होतो.

सामना सापडल्यावर एजंट निवडताना बाहेर पडलात तर त्याला डॉज म्हणतात. त्याचेही आरआर जातात आणि काही मिनिटं क्यू बंद होतो. समोरच्या कुणी तोंडाने घाण ओकायला सुरुवात केली असेल तर म्यूट करा, रिपोर्ट करा आणि खेळा. कुणी पहिल्याच राउंडपासून गायब असेल तर रीमेकचं, म्हणजे तो सामना रद्द करायचं, मतदान करता येतं.

सहावी पायरी: सामन्यानंतरचे आकडे वाचायला शिका

निकाल सर्वांत महत्त्वाचा. त्यानंतर किती राउंडच्या फरकाने जिंकलात किंवा हरलात. खालच्या आणि मधल्या रँकमध्ये तुमच्या स्वतःच्या खेळालाही थोडं वजन मिळतं, पण ते निकालाची जागा घेत नाही. किल मोजत बसून शेवटचा एक-विरुद्ध-तीन राउंड बंदूक वाचवण्यात घालवणं हे खेळ म्हणून कधीकधी शहाणपणाचं असेल. आरआरसाठी करत असाल तर हिशेब चुकतोय. ३-१२ वर असतानाही एकेक राउंड काढत राहा. ७-१३ चा पराभव ३-१३ पेक्षा स्वस्त पडतो.

एक कोरी वही किंवा फोनवर साधी यादी ठेवा. तारीख, नकाशा, एजंट, स्कोअर, आरआर किती आले-गेले, आणि ‘मी पहिला मेलो असे राउंड किती’. शेवटचा रकाना सर्वांत उपयोगी आहे. पाच विरुद्ध चार करून देणारा माणूस तुम्हीच किती वेळा होता, हे दुसरा कुठलाही आकडा इतक्या सरळ सांगत नाही.

विन रेटकडे वीस सामन्यांवरून बघू नका. ज्याची शक्यता नेमकी निम्मी आहे असा खेळाडूसुद्धा वीसपैकी आठपेक्षा कमी किंवा बारापेक्षा जास्त सामने जिंकतो, आणि असं साधारण चारातून एकदा होतं. खेळात काहीही बदल नसताना ३५ टक्के किंवा ६५ टक्के दिसू शकतात. पन्नासच्या आत निष्कर्ष काढायचा नाही, हा नियम पाळा.

सातवी पायरी: पराभवांची रांग लागली की

सलग पाच हरलो, म्हणजे सिस्टीमने मुद्दाम हरणाऱ्यांच्या रांगेत टाकलं, ही समजूत फार खोल रुजलेली आहे. निम्मी-निम्मी शक्यता असलेल्या पन्नास सामन्यांत कुठेतरी सलग पाच पराभव येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. निव्वळ नाणं उडवलं तरी हेच होईल.

अशी कल्पना कुणाच्या डोक्यात आलीच नाही असं मात्र नाही. खेळाडू गेम सोडून जाऊ नये या हिशेबाने जोड्या लावण्यावर २०१७ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला होता, आणि त्यात इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या संशोधकांचा सहभाग होता. लोकांचा संशय अगदी हवेतून आलेला नाही. पण रायटच्या लोकांनी हरणाऱ्यांच्या रांगेची गोष्ट उघडपणे नाकारलेली आहे. शिवाय २०२४ मध्ये ॲक्टिव्हिजनने कॉल ऑफ ड्यूटीबद्दल जे कागद प्रसिद्ध केले त्यातला प्रयोग बोलका आहे. त्यांनी काही खेळाडूंसाठी, न सांगता, जोड्या लावताना कौशल्याला दिलेलं वजन कमी केलं. सामने जास्त एकतर्फी झाले, लोक अर्ध्यातून उठू लागले, परत येणाऱ्यांचं प्रमाण घटलं. बरोबरीचे सामने लावण्यात कंपनीचाच फायदा आहे.

टीममेटबद्दलचा हिशेबही असाच मांडून बघा. गैरहजर, रागावलेले, बेफिकीर खेळाडू सगळ्या लॉबींत विखुरलेले आहेत. तुमच्या संघात अशा माणसासाठी चार जागा आहेत, कारण पाचवे तुम्ही आहात. समोर पाच आहेत. एका संध्याकाळी हे जाणवणार नाही, पण सीझनभरात झुकतं माप तुमच्याच बाजूला पडतं, अट एवढीच की तुम्ही स्वतः तो माणूस बनायचं नाही.

म्हणून सलग दोन हरलात की उठा, पाणी प्या, घरातलं एखादं काम करा. तीन हरलात की त्या दिवसापुरतं रँक्ड बंद. रागाच्या भरात खेळलेले सामने हे तुमच्याबद्दलचे खोटे पुरावे आहेत. तुमचा एमएमआर त्यांनी खाली जातो आणि तो वर आणायला पुढचा आठवडा जातो.

स्मर्फ आणि पैसे घेऊन रँक चढवणारे

वरच्या रँकचा खेळाडू नवं खातं काढून खालच्या लॉबीत येतो तो स्मर्फ. तुम्हाला ते भेटतील. नव्या खात्याची कामगिरी फारच वर दिसली तर त्याचा एमएमआर झपाट्याने उचलला जावा अशी व्यवस्था रायटने केलेली आहे, म्हणून ते फार काळ तुमच्या पातळीवर राहत नाहीत. रिप्ले बघताना, किंवा ते तुमच्याच संघात असतील तर मेल्यावर त्यांचा खेळ बघताना, त्यांच्याकडून शिकायला मात्र मिळतं: ते कोपऱ्यावर येण्याआधी क्रॉसहेअर कुठे धरतात ते बघा.

पैसे देऊन रँक चढवून घेण्याच्या जाहिराती इन्स्टाग्रामवर आणि डिस्कॉर्डवर ढीगभर दिसतात. पासवर्ड अनोळखी माणसाकडे जातो, खातं कायमचं बंद होऊ शकतं, आणि मिळालेली रँक टिकत नाही, कारण पुढचे सामने तुम्हालाच खेळायचे असतात.

दुसऱ्या खेळांकडे वळलात तर

काउंटर-स्ट्राइक २ च्या प्रीमियर या रँक्ड प्रकारात रँकच्या नावाऐवजी थेट आकडा दिसतो, आणि सामना सुरू होतानाच जिंकलात तर किती मिळतील, हरलात तर किती जातील हे स्क्रीनवर लिहिलेलं असतं. वर सांगितलेला अपेक्षेचा हिशेब तिथे उघडा डोळ्यांपुढे असतो. व्हॅलोरंटवाल्यांनी तो एकदा तरी बघावा, बऱ्याच गोष्टी स्वच्छ होतात.

डोटा २ रँक्ड उघडायला शंभर तास खेळावं लागतं. २०२३ पासून तिथे ग्लिको पद्धत वापरतात आणि तुमच्या रँकबद्दल सिस्टीमला किती खात्री आहे ते टक्क्यांत दिसतं. बरेच दिवस खेळला नाहीत तर ही खात्री घटते, आणि परत आल्यावर प्रत्येक सामन्याला आकडा जास्त हलतो. सुट्टीवरून आल्या आल्या रँक्डला बसू नये याचं कारण तिथे लिहूनच दिलेलं असतं.

बीजीएमआयमधला हिशेब थोडा वेगळा आहे. तिथे एका सामन्यात अनेक स्क्वॉड (छोटे संघ) असतात, गुण किती वेळ टिकलात आणि किती मारले यावर मिळतात, आणि खालच्या रँकमध्ये बॉट (कॉम्प्युटरने चालवलेले खेळाडू) असतात. ब्राँझपासून क्राउनपर्यंतचा प्रवास नियमित खेळून बराचसा होतो, खऱ्या माणसांशी गाठ वर गेल्यावर पडते. म्हणून बीजीएमआयमध्ये ‘एस’ या वरच्या रँकला असलेल्या खेळाडूने व्हॅलोरंटमध्ये आल्यावर ब्राँझ लागली तर दोन रँकची तुलना करू नये. त्याने लेव्हल २० पर्यंतचा काळ नीट वापरावा, माउस हाताला बसेपर्यंत रोज अर्धा तास सरावाच्या रेंजमध्ये घालवावा, आणि मगच पाच प्लेसमेंटना हात घालावा.